संगीत-परीक्षणाची इंग्रजी शब्दसामग्री

इंग्रजी वर्तमानपत्रांतून व नियतकालिकांतून गाण्याबजावण्याचीं परीक्षणें लिहिणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आतां थोडी राहिलेली नाहीं. मुंबईच्या मैफली, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यांत भरत आलेला महोत्सव, गोव्यांतील संमेलनें, परदेशांतील मराठी मंडळांचे कार्यक्रम, या सर्वांची हकीकत इंग्रजींतून लिहिली जाते आणि ज्यांनीं तें गाणें ऐकलेलें नाहीं अशा दूरदूरच्या लोकांच्या हातीं पडते. गायकाचें गाणें त्या रात्रींच हवेंत विरून जातें. छापलेला शब्द मात्र मागें उरतो. पुढील आमंत्रण देणारा व्यवस्थापक पुष्कळदां त्या शब्दावरच भिस्त ठेवितो. गाणारास कित्येक वेळां इंग्रजी येत नसतें, त्यामुळें आपल्याविषयीं काय छापून आलें आहे याचा त्यास पत्ताहि लागत नाहीं आणि अन्याय झाला असल्यास दाद मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. म्हणून परीक्षणाचे इंग्रजी शब्द नीट पारखून घेणें हें केवळ भाषेच्या हौसेचें काम नव्हे.

अशा लेखनांतील चुका बहुधा व्याकरणाच्या नसतात. क्रियापदाचा काळ चुकला तर संपादक तो दुरुस्त करितो. खरी घातक चूक होते ती ओळखीच्या शब्दानें. मराठी शब्दाचा जुळा भाऊ म्हणून जो इंग्रजी शब्द कोशांत दिलेला असतो, तो मैफलींत शिरल्यावर निराळाच वागूं लागतो. कोमल स्वराचेंच उदाहरण घ्यावें. कोमल म्हणजे ‘फ्लॅट’, हें पेटी शिकविणारा कोणीहि सांगेल. तेवढ्यावर विसंबून एखाद्यानें ‘शी सँग अ फ्लॅट गंधार’ असें लिहिलें, तर त्याच्या मनांतील अर्थ असा कीं बाईंनीं कोमल गंधार लाविला. इंग्रज वाचकास त्यांतून अगदीं उलट बोध होतो. ‘टु सिंग फ्लॅट’ म्हणजे स्वर जेथें लागावयास हवा त्याच्या किंचित् खालीं लागणें, म्हणजे चक्क बेसूर होणें. आणि ‘शार्प’ म्हणजे त्याच्या वर चढणें. शिवाय ‘फ्लॅट’ या शब्दास निर्जीव, बेचव असा आणखी एक अर्थ चिकटलेला आहेच. एका शब्दानें बाईंचा सूरहि गेला आणि रंगहि गेला. येथें ‘द फ्लॅटन्ड थर्ड’ असें लिहावें. किंवा त्याहून बरें म्हणजे ‘कोमल गंधार’ हेंच नांव ठेवून पहिल्या वेळीं त्याचा अर्थ समजावून द्यावा. तीव्र मध्यमास ‘शार्पन्ड फोर्थ’ म्हणतां येतें. शुद्ध स्वरास मात्र ‘प्युअर’ म्हणूं नये. ‘प्युअर नोट’ म्हणजे स्वच्छ, निर्मळ लागलेला स्वर. शुद्ध ऋषभास प्युअर म्हटलें तर कोमल ऋषभ हा मलिन ठरावयाचा! त्यासाठीं ‘नॅचरल’ हा साधा शब्द रूढ आहे.

गायक खरोखरच बेसूर झाला असेल तर तें सांगणें परीक्षकाचें कर्तव्य आहे, परंतु तेंहि मोजून सांगावें. ‘आउट ऑफ ट्यून’ हा सरसकट घाव आहे. ‘द इंटोनेशन वेव्हर्ड इन द अपर ऑक्टेव्ह’ असें म्हटलें कीं तार सप्तकांत सूर डळमळला, एवढेंच आणि नेमकें कळतें. ‘इंटोनेशन’ म्हणजे स्वर आपल्या जागीं लागण्यांतील अचूकपणा. किराणा घराण्याच्या गायकीविषयीं लिहितांना, विशेषतः मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयीं लिहितांना, या एका शब्दावांचून पाऊल पुढें पडत नाहीं.

आतां ‘पिच’, ‘व्हॉल्यूम’ आणि ‘टँबर’ हे तीन शब्द. यांचा घोळ मराठी माणसाकडून हटकून होतो, आणि त्याचें कारण मराठींतच आहे. ‘आवाज चढविला’ म्हणजे तो मोठा केला कीं उंच स्वरावर नेला? ‘बारीक आवाज’ म्हणजे हळू कीं उंच आणि कृश? मराठींत दोन्ही अर्थ सुखानें नांदतात. इंग्रजी या बाबतींत अगदींच निर्दोष आहे असें नाहीं. ‘इन अ लो व्हॉइस’ याचा अर्थ हळू आवाजांत असाहि होतो आणि खर्जांत असाहि होतो. परीक्षणांत असला शब्दप्रयोग टाळून ‘सॉफ्टली’ किंवा ‘लो-पिच्ड’ यांपैकीं जें खरें असेल तें लिहावें.

हा भेद कानांनींच समजून घ्यावयाचा असेल तर रायगड जिल्ह्यांतील हरिहरेश्वरासारखें ठिकाण नाहीं. श्रीवर्धन तालुक्यांत, सावित्री नदीच्या मुखाजवळ हें क्षेत्र आहे. देवळाच्या मागून प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनीं उतरत समुद्राच्या खडकांवर येते, आणि ती ओहोटीच्या वेळींच चालावयाची असते. भरतीला लाटा वाटेवर येतात. पाणी चढूं लागलें कीं त्याची गर्जना वाढते. येथें वाढतो तो ‘व्हॉल्यूम’. त्या गर्जनेस ‘पिच’ म्हणावी अशी निश्चित उंची नाहींच. तिच्याशीं कोणीहि तंबोरा जुळवूं शकणार नाहीं. तेथेंच कोणी शंख फुंकला तर तो लाटांपुढें दुबळा वाटेल, पण त्यास स्वर आहे आणि त्या स्वरावर षड्ज धरतां येईल. देवळांतील घंटेची गोष्ट तिसरीच. तिच्या एका ठोक्यांत अनेक नाद एकदम उठतात आणि ते एकमेकांशीं सरळ पटींत बसत नाहींत, म्हणून घंटेचा स्वर कानास स्पष्ट वाटूनहि पेटीवर शोधूं गेल्यास निसटतो. शंख, घंटा आणि माणसाचा कंठ हे तिन्ही एकाच स्वरावर आणि सारख्याच मोठेपणानें वाजले, तरी डोळे मिटून ओळखूं येतात. तो जो ओळख पटविणारा गुण, तो ‘टँबर’. हा शब्द इंग्रजींत फ्रेंचांकडून आला असल्यामुळें लिहितांना त्याच्या शेवटीं ‘आर-ई’ हीं अक्षरें येतात. तीं उलटीं पडलीं तर त्याचें इमारती लाकूड होतें, आणि असें लाकूड चांगल्या चांगल्या परीक्षणांतून आढळलेलें आहे.

आवाजाच्या जातीचें वर्णन करणारे इंग्रजी शब्द पुष्कळ आणि उपयोगी आहेत. ‘रेझोनंट’ म्हणजे घुमारा असलेला, ‘मेलो’ म्हणजे मुरलेला व मवाळ, ‘हस्की’ म्हणजे किंचित् बसका पण त्या बसकेपणांत गोडी असलेला, ‘नेझल’ म्हणजे नाकांतला, ‘सपल’ म्हणजे हवा तसा वळणारा, ‘स्ट्रेन्ड’ म्हणजे ताण पडलेला. ‘ओपन-थ्रोटेड’ हा शब्द खुल्या आकारास चांगला जुळतो. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या गाण्याविषयीं तो निःशंकपणें वापरावा. बाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत धाडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेर गेली आहे. तिच्यासोबत कोणाचें परीक्षण धाडलें गेलें नाहीं, हें एका अर्थीं बरेंच झालें. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भारी झाला. त्यास पुष्कळांनीं ‘मॅस्क्युलिन’ म्हटलें. हें वर्णन नव्हे, हा केवळ आश्चर्योद्गार झाला. ‘लो-पिच्ड’, ‘डार्क’, ‘वेटी’ हे शब्द ऐकणाराच्या कानाचा अनुभव सांगतात. स्त्रीचा आवाज कसा असावा याविषयींची परीक्षकाची समजूत सांगत बसत नाहींत.

स्वराची उंची नेमकी सांगण्याची वेळ आली कीं आपल्याकडील ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही भाषा इंग्रजींत आणावी लागते. पेटीवरील पांढऱ्या पट्ट्या ‘सी’ पासून ओळीनें मोजावयाच्या: पांढरी एक म्हणजे ‘सी’, दोन म्हणजे ‘डी’, चार म्हणजे ‘एफ’. काळी एक म्हणजे ‘सी-शार्प’, काळी दोन ‘डी-शार्प’, तीन ‘एफ-शार्प’, चार ‘जी-शार्प’ आणि पांच ‘ए-शार्प’. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास षड्ज धरितात आणि स्त्रिया काळी चार किंवा पांचच्या आसपास. १९३९ सालीं लंडन येथें भरलेल्या परिषदेनें मधल्या सप्तकांतील ‘ए’ या स्वरास सेकंदास ४४० कंपनें ठरवून दिलीं. परीक्षणांत ‘हर टॉनिक वॉज जी-शार्प’ असें लिहिलें कीं जगांतील कोणत्याहि वाचकास तो षड्ज आपल्या घरच्या पियानोवर वाजवून पाहतां येतो. मात्र हा ‘शार्प’ पट्टीच्या नांवाचा, आणि वर सांगितलेला ‘शार्प’ दोषाचा. एकाच वाक्यांत दोहोंची गांठ पडूं देऊं नये.

रागास इंग्रजींत काय म्हणावें हा वाद जुना आहे. ‘ट्यून’ म्हणावें तर एका रागांत शेंकडों चिजा असतात. ‘मोड’ म्हणावें तर थोडें जवळ येतें. ‘स्केल’ हा शब्द सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत अधिक फसवितो. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पांच: षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत. तरी भूप गंधारावर विसांवतो, देसकार धैवताकडे ओढ घेतो. एक रात्रीच्या आरंभीं गातात, दुसरा सकाळीं. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेंहि तसेंच. ‘स्केल’ एकच असतांना जर तीन राग होतात, तर राग म्हणजे ‘स्केल’ नव्हे हें उघड झालें. पंडित भातखंडे यांनीं मांडलेल्या दहा थाटांस ‘स्केल’ हा शब्द शोभतो, रागास शोभत नाहीं. तेव्हां ‘राग’ हा शब्द तसाच ठेवावा. इंग्रजी कोशांनीं तो केव्हांच पदरांत घेतला आहे.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. आपल्या संगीताची इंग्रजी परिभाषा साहेबानेंच बसवून दिली आणि आपण ती निमूटपणें उचलली, असा जो समज आहे तो खरा नाहीं. डेप्युटी कलेक्टरच्या जागेवरून निवृत्त झालेले कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. त्यांच्या सहवासांत तयार झालेले क्लेमंट्स या सिव्हिलियन गृहस्थाचें पुस्तक त्यानंतर, १९१३ सालीं निघालें. भातखंडे यांनीं १९१६ च्या बडोदें येथील अखिल भारतीय संगीत परिषदेपुढें उत्तर हिंदुस्थानी संगीताचा इतिहास इंग्रजींतूनच सांगितला. गणेश हरि रानडे यांचें हिंदुस्थानी संगीताच्या पदार्थविज्ञानावरील व सौंदर्यावरील इंग्रजी पुस्तक १९३८ सालचें आहे. अलीकडे डॉ. अशोक रानडे यांनीं १९९० सालीं हिंदुस्थानी संगीतांतील मुख्य शब्द व कल्पना यांवर एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच दिला, आणि परीक्षण लिहूं इच्छिणारानें कोशाआधीं तो उघडावा हें उत्तम.

स्वरांच्या हालचालीचे शब्द हा तर मोठाच भुलभुलैया. मींड म्हणजे ‘ग्लाइड’ असें लिहिलें तर चूक होत नाहीं. पण कित्येकांस ‘ग्लिसांडो’ हा भारदस्त शब्द मोह घालतो. पियानोच्या पट्ट्यांवरून बोट सरकन् ओढलें म्हणजे मधला प्रत्येक स्वर वेगळा वाजत जातो, तें ‘ग्लिसांडो’. मींडेंत पायऱ्या नसतात. ती घसरण आहे. तिला ‘पोर्टामेंटो’ हा शब्द अधिक जवळचा. ‘व्हायब्रेटो’ म्हणजे एका स्वराभोवतीं होणारें जलद व सारख्या गतीचें कंपन. युरोपांतील नाटकगृहांतल्या गायिकांचा आवाज ज्यांनीं ऐकला असेल त्यांस तें ठाऊक आहे. ‘ट्रिल’ म्हणजे दोन शेजारच्या स्वरांची आळीपाळीनें केलेली झपाट्याची फिरवाफिरव. ‘ट्रेमोलो’ म्हणजे तोच स्वर थरथरत पुनःपुन्हां वाजणें. आपली गमक यांपैकीं कोणांतच बसत नाहीं, आणि दरबारींतल्या गंधाराचें आंदोलन तर मुळींच नाहीं. त्यास ‘अ स्लो ऑसिलेशन’ म्हणावें. ‘ऑर्नामेंट’ हा सोयीचा शब्द येथें टाळलेला बरा. दागिना काढून ठेवितां येतो, आणि काढला तरी माणूस तोच राहतो. दरबारींतला गंधार आंदोलनावांचून लाविला तर तो दरबारींतला राहतच नाहीं. मुरकी, खटका यांस मात्र ‘ऑर्नामेंट’ म्हणण्यास हरकत नाहीं.

लयीच्या बाबतींत ‘टेम्पो’, ‘रिदम’ आणि ‘मीटर’ हे तीन शब्द वेगळे ठेवावे. विलंबित, मध्य, द्रुत हा ‘टेम्पो’ चा प्रांत. तालास ‘मेट्रिकल सायकल’ म्हणावें, कारण आपला ताल फिरून समेवर येतो. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या आहेत म्हणून त्यास ‘फोर-फोर टाइम’ म्हणणें म्हणजे खालीचें अस्तित्वच नाकारणें होय. झपतालाची दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी एकदां आंकड्यांनीं लिहून द्यावी; वाचकावर त्याचा भार पडत नाहीं. समेस ‘द फर्स्ट बीट’ म्हटलें तरी चालतें, पण तेथें येण्यांतील उत्सुकता सांगावयाची तर ‘द पॉइंट ऑफ अरायव्हल’ असें म्हणावें. आलापास ‘रुबातो’ म्हणण्याची एक रीत पडली आहे ती चुकीची आहे. ‘रुबातो’ म्हणजे बांधलेल्या लयींतून थोडा वेळ उसना घेणें. ज्यानें दुकानांत खातेंच उघडलें नाहीं तो उधारी कशी करणार? तालाशिवाय चाललेल्या आलापास ‘अनमीटर्ड’ म्हणावें.

‘इम्प्रोव्हिझेशन’ हा शब्द आपल्या गाण्याविषयीं इतका बोलला जातो कीं त्याची धार कोणास जाणवत नाहीं. व्यवहारांतील इंग्रजींत ‘इम्प्रोव्हाइज्ड’ म्हणजे ऐन वेळीं मिळेल त्यावर भागविलेलें; जसा पाहुणे अचानक आल्यावर केलेला बिछाना. चाळीस वर्षें रियाझ केलेल्या गवयाच्या बढतीस हा शब्द लाविला कीं परका वाचक समजतो, गवई सुचेल तसें गातो. शब्द टाकून देतां येत नाहीं, कारण तो आतां रूढ झाला आहे. पण त्याच्या शेजारीं ‘विदिन द डिसिप्लिन ऑफ द राग’ असे चार शब्द ठेवावे. किंवा ‘इलॅबोरेशन’, ‘अनफोल्डिंग’ या शब्दांनीं रागविस्ताराची क्रमवार वाढ सुचवावी.

तंबोऱ्यास ‘ड्रोन’ म्हणतात. हा शब्द मधमाशांतल्या आळशी नराचा, कंटाळवाण्या व्याख्यात्याचा, आणि आतां वैमानिकावांचून उडणाऱ्या यंत्राचाहि आहे. पर्याय नसल्यामुळें तो वापरावा, पण तंबोरा वाजविणारास ‘ड्रोन प्लेयर’ म्हणण्याऐवजीं ‘ऑन द तानपुरा’ असें लिहून त्याचें नांव द्यावें. पेटीविषयीं लिहितांना ‘इक्वल टेम्परामेंट’ हा शब्द केव्हां ना केव्हां लागतोच. अलेक्झांडर एलिस यानें १८८५ सालीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवर निबंध वाचला, तेव्हां सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पून मोजणी केली. त्या भागास ‘सेंट’ म्हणतात. तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर येतो. पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर बसविलेला असतो. या चौदा सेंटांच्या भांडणापायींहि ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला दरवाजा बंद केला, तो १९७१ नंतर थोडा थोडा उघडला. एवढें ठाऊक असलेला परीक्षक पेटीवाल्यास ‘आउट ऑफ ट्यून’ म्हणून दोष देणार नाहीं. दोष असलाच तर तो पट्ट्यांचा आहे, बोटांचा नव्हे. याच पट्ट्यांवर गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनीं महाराष्ट्रास वेड लाविलें होतें.

विशेषणांकडे वळलें कीं मोह आणखी वाढतो. ‘मेस्मराइजिंग’, ‘डिव्हाइन’, ‘स्पेलबाउंड’ हे शब्द इतके झिजले आहेत कीं त्यांवर कोणाचाहि मुखवटा बसतो. नांव बदललें तर तेंच परीक्षण दुसऱ्या गायकास चालतें. याउलट ‘अनहरीड’ म्हणजे घाई नसलेला, ‘रिस्ट्रेन्ड’ म्हणजे हातचें राखून संयमानें गाणारा, ‘ऑस्टिअर’ म्हणजे नटवेपणा टाकलेला, ‘रोबस्ट’ म्हणजे दमदार, हे शब्द कांहीं तरी सांगतात. दोष दाखविण्यासहि ‘लेबर्ड’, ‘रिपीटिटिव्ह’, ‘डिफ्यूज’ असे सभ्य आणि नेमके शब्द आहेत.

खरी काळजी घ्यावयाची ती स्तुतीचा वेष घेतलेल्या शब्दांची. ‘फॅसाइल’ म्हणजे सहज असें कोशांत सांपडतें. इंग्रज तो शब्द उथळ सफाईला लावितो. सहज गाण्यास ‘एफर्टलेस’ म्हणावें. ‘स्टडीड’ म्हणजे अभ्यासपूर्ण नव्हे, तर मुद्दाम ठरवून केलेलें, कृत्रिम. ‘कॉम्पिटंट’ आणि ‘ॲडिक्वेट’ हीं मराठींतल्या ‘बरा गातो’ याचीं भावंडें. त्यांत होकार असतो आणि मान नसतो. ‘ॲम्बिशस’ म्हटलें कीं धाडस केलें पण जमलें नाहीं अशी शंका येते. ‘इंटरेस्टिंग’ हा तर इंग्रज माणूस पुष्कळदां नावडीस देत असलेला शिष्टाचार आहे. गोड गळ्यास ‘स्वीट’ ठीक, ‘शुगरी’ म्हटलें कीं मिट्ट. भारदस्त गायकीस ‘हेवी’ म्हटलें तर ती जड झाली. तेथें ‘वेटी’ हवें. ‘एक्झॉस्टिव्ह’ म्हणजे सर्व अंगांनीं केलेला रागविस्तार. ‘एक्झॉस्टिंग’ म्हणजे ऐकणारास थकविणारा. या दोहोंत फक्त शेवटचीं अक्षरें बदलतात, आणि कधीं कधीं त्याच मैफलीस दोन्ही लागू पडतात ही गोष्ट वेगळी.

क्रियापदांत ‘रेंडर्ड’ चा सुकाळ आहे. प्रत्येक राग ‘रेंडर’ होतो आणि प्रत्येक ठुमरीचें ‘रेंडिशन’ होतें. चरबी वितळवून काढण्याच्या क्रियेसहि इंग्रजींत हेंच क्रियापद आहे हें लक्षांत ठेविलें म्हणजे त्याचा वापर आपोआप कमी होईल. ‘ओपन्ड विथ’, ‘फॉलोड इट विथ’, ‘ड्वेल्ट ऑन’, ‘कन्क्लूडेड विथ’ यांनीं काम भागतें. एकट्या कलावंताचा कार्यक्रम तो ‘रिसायटल’, अनेकांचा तो ‘कॉन्सर्ट’.

परिभाषा येते म्हणून ती सगळी ओतावी असेंहि नाहीं. बर्नार्ड शॉ यानें १८८८ पासून कांहीं वर्षें लंडनच्या पत्रांतून टोपणनांवानें संगीत-परीक्षणें लिहिलीं. विद्वान् परीक्षकांच्या पांडित्याची टर उडविण्यासाठीं त्यानें हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचें त्याच परिभाषेंत पृथक्करण करून दाखविलें, आणि तें इतकें रुक्ष झालें कीं वाचणारास हंसूं आवरत नाहीं. आपल्याकडे केशवराव भोळे यांनींहि ‘एकलव्य’ व ‘शुद्ध सारंग’ हीं टोपणनांवें घेऊन गायकांचीं परीक्षणें लिहिलीं. ते स्वतः गात, चाली बांधीत, प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटाचें संगीत त्यांचेंच. त्यामुळें त्यांच्या लेखांत परिभाषा असे ती कानांतून आलेली असे. वामनराव देशपांडे यांचें ‘घरंदाज गायकी’ १९६१ सालीं मराठींत निघालें आणि १९७३ सालीं इंग्रजींत गेलें. मराठी विचार इंग्रजींत कसा उतरवावा हें पाहूं इच्छिणारानें तीं दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं.

पुन्हां हरिहरेश्वराकडे. समजा, कुलदैवताच्या दर्शनास तेथें आलेल्या, परदेशांत वाढलेल्या एखाद्या मुलीनें देवळांत कीर्तन ऐकलें आणि तिकडच्या मराठी मंडळाच्या इंग्रजी अंकासाठीं लिहावयास घेतलें. पहिली अडचण ‘कीर्तन’ या शब्दाचीच. ‘सर्मन’ लिहिलें कीं ख्रिस्ती धर्मगुरूचा उपदेश डोळ्यांपुढें येतो. ‘म्युझिकल डिस्कोर्स’ म्हटलें तर बरेंचसें साधतें. पूर्वरंग म्हणजे ‘एक्स्पोझिशन’, उत्तररंगांतील आख्यान म्हणजे ‘नॅरेटिव्ह’. अभंगास ‘हिम’ म्हणूं नये, कारण ‘हिम’ म्हटलें कीं वहींत पाहून जमावानें एका सुरांत म्हणण्याचें गीत कल्पिलें जातें. ‘अभंग’ हेंच ठेवून ‘अ डिव्होशनल व्हर्स फॉर्म’ असें एकदां सांगावें. झांजा म्हणजे ‘स्मॉल हँड सिंबल्स’, चिपळ्या म्हणजे ‘वुडन क्लॅपर्स विथ जिंगल्स’. बुवा हा मान आहे, आडनांव नव्हे. ‘मिस्टर बुवा’ होऊं देऊं नये.

आणि सर्वांत मोठा धोका ‘क्वेंट’, ‘रस्टिक’ व ‘फोक’ या तीन शब्दांत आहे. समुद्रकांठचें लहान गांव, जुनें देऊळ, पगडी घातलेले बुवा, इतकें पाहिलें कीं हे शब्द लेखणीच्या टोकावर येऊन बसतात, आणि लिहिणाराचा हेतु तर चांगलाच असतो. ‘क्वेंट’ म्हणजे जुनें म्हणून गंमतीदार. जसें आजीच्या फडताळांतलें चिनी मातीचें भांडें. नारदीय कीर्तनकार रागदारी शिकलेला असतो, साकी, दिंडी, आर्या यांच्या चाली त्यास मुखोद्गत असतात, तो आख्यान लावितो आणि ऐन वेळीं सभेचा कल पाहून तें वाढवितो किंवा आटोपतें घेतो. त्यास ‘फोक’ म्हणणें म्हणजे त्याची सगळी तालीम एका शब्दानें पुसून टाकणें होय. त्या मुलीनें ‘ट्रेन्ड’, ‘लर्नेड’, ‘व्हर्सेटाइल’ यांपैकीं जो खरा असेल तो शब्द घ्यावा. आणि बुवांचा आवाज वयोमानानें थकला असेल तर ‘द व्हॉइस हॅज एज्ड, द डिलिव्हरी हॅज नॉट’ असें लिहावें. त्यांत सत्यहि येतें आणि आदरहि राहतो.

टीका या शब्दाचा मूळ अर्थ अर्थ उलगडून दाखविणें असा आहे. ज्ञानेश्वरांनीं गीतेवर केली ती टीकाच होती. इंग्रजी ‘क्रिटिक’ हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ निवडणें, पारखणें असा आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ पुढें लोकव्यवहारांत दोष देणें असा झाला. परीक्षणाच्या मथळ्यांत तरी ‘क्रिटिसिझम’ च्या जागीं ‘रिव्ह्यू’ लिहिण्याची रीत पडली आहे ती म्हणूनच सोयीची.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. वर्तमानपत्रांत जागा कमी पडली कीं उपसंपादक परीक्षण शेवटाकडून कापतो. तबला, पेटी आणि तंबोरे यांवर कोण होतें हें लिहिण्याची प्रथा मात्र शेवटच्याच परिच्छेदाची. त्यामुळें छापून आलेल्या अंकांत साथीदारांचीं नांवें वारंवार नाहींशीं होतात. हीं नांवें दुसऱ्या परिच्छेदांत आणावीं, साथीविषयींचें एखादें वाक्य रागाच्या वर्णनांतच ओंवावें, आणि ‘एबली अकम्पनीड बाय’ हा ठरीव प्रयोग सोडून साथीदारानें त्या रात्रीं प्रत्यक्ष काय केलें तें लिहावें: तबल्यानें ठेका विलंबितांत किती भरीव ठेविला, पेटीनें गायकाचा विसांवा कसा राखला, बढतींत कोठें मागें राहून वाट मोकळी करून दिली.